काडेपेटीपासून सुरुवात

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रविवारच्या वर्गाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सहा जण आहोत. उभं राहून एकानेच बोलायचं असं ठरलं, पण बोलणं सहाही जणांचं आहे. म्हणून आम्ही शेवटपर्यंत 'आम्ही' असंच म्हणणार. त्याला राजेशाही थाट समजू नका. वडोदऱ्यात राहायचं तर एवढा खुलासा आधीच केलेला बरा.

कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे 'नव्या पिढीला स्वावलंबनाचे धडे'. विषय भारदस्त आहे. आम्ही मात्र काडेपेटी, नळाचा वॉशर, पिठलं आणि इन्सुलिनची बाटली यांच्याविषयी बोलणार आहोत. गेल्या दहा महिन्यांत आम्ही तेवढंच केलं आहे.

2024 ची जन्माष्टमी इथे बसलेल्यांपैकी कोणी विसरलेलं नसेल. सोमवारी, 26 ऑगस्टला दिवसभर पाऊस कोसळत होता. त्या रात्री आणि मंगळवारी विश्वामित्री शहरात शिरली. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला होता, तेव्हा आपण म्हणालो होतो की असं पुन्हा आपल्या आयुष्यात होणार नाही. पाचच वर्षं झाली होती त्याला. अकोटा, समा, कारेलीबाग, मुजमहुडा, जिकडे बघावं तिकडे पाणी. रस्त्यावर मगरी आल्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने बघितले. आपल्या घरात काय चाललं होतं ते मात्र आपल्यालाच माहीत.

आमच्यापैकी एकांच्या घरात काय चाललं होतं ते त्यांच्या परवानगीने सांगतो. ते आजोबा आणि त्यांची तीन नातवंडं तिसऱ्या मजल्यावर अडकली. मुलगा आणि सून सुरतेला लग्नाला गेले होते, ते परत येऊ शकले नाहीत. आजोबांना पक्षाघातानंतर फार हालचाल करता येत नव्हती आणि बोलणंही नीट उमटत नव्हतं. मोठा नातू अकरावीत, नात नववीत, धाकटा सहावीत. वीज गेली, लिफ्ट गेली, पाण्याचा पंप बंद. मोबाइलची बॅटरी मंगळवारी दुपारपर्यंत पुरली.

घरात सगळं होतं. पिठाचा डबा भरलेला, तांदूळ, तीन प्रकारच्या डाळी, कांदे-बटाटे, तेल, तूप. गॅसही होता, पाइपाचा गॅस बंद झालेला नव्हता. आणि ही चार माणसं दीड दिवस बिस्किटं आणि शेव खाऊन राहिली. का? तर शेगडी आपोआप पेटणारी होती, तिच्या प्लगला वीज नव्हती. लायटर घरात नव्हता. देवघरात काडेपेटी होती, पण तिन्ही मुलांनी आयुष्यात कधी काडी ओढून गॅस पेटवलेला नव्हता आणि त्यांना भडका उडण्याची भीती वाटली. भीती वाटली हे बरंच झालं म्हणा. पण अकरावीत भौतिकशास्त्राला शंभरपैकी नव्वद मिळवणारा मुलगा भरल्या घरात उपाशी बसला, हे आम्हाला आजही गिळवत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आजोबांचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात असायचं. फ्रीज बंद पडला. नातवाला एवढंच माहीत होतं की इन्सुलिन थंड ठेवायचं. त्याने विचार करून, काळजीने, कुप्या उचलून बर्फाच्या कप्प्यात बर्फाला टेकवून ठेवल्या, कारण घरातली सगळ्यात थंड जागा तीच उरली होती. सकाळी त्या गोठलेल्या होत्या. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. बुधवारी संध्याकाळी बचावकार्य करणाऱ्या मुलांनी ट्रॅक्टरमधून नवीन कुपी आणून दिली, तोवर आजोबांची साखर कुठे गेली होती ते सांगायला नको. ते वाचले. पण त्या मुलाचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

त्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक गुजराती बा राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्याच असतात. शनिवारी त्यांची रांधण छठ झाली होती. शीतळा सातमला चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या दिवशी करून ठेवलेले थेपले, सुकी भाजी, गोड पुऱ्या असं बरंच काही त्यांच्याकडे शिल्लक होतं. सोमवारी पाऊस वाढताना पाहून त्यांनी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं होतं, गच्चीच्या पन्हाळीखाली बादली लावली होती. बुधवारी सकाळी त्यांनी वर जाऊन दार वाजवलं तेव्हा हा सगळा प्रकार कळला. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? मुलांना खायला दिलं नाही. धाकट्याच्या हातात काडेपेटी दिली आणि म्हणाल्या, "पेटव, मी उभी आहे." त्या दिवशी भात-वरण त्या सहावीतल्या मुलाने केलं. आमचा वर्ग खरं तर तिथे सुरू झाला आणि त्याची पहिली शिक्षिका मराठी नव्हती, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता आम्ही सहा जण याच गोष्टीवर बोलत होतो. सुरुवातीला सगळ्यांचा सूर नेहमीचाच होता. हल्लीची मुलं, मोबाइल, बाहेरून मागवलेलं खाणं. तासाभराने आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "त्यांना शिकवायचं कोणी होतं?" त्यावर कोणी बोललं नाही.

आम्ही सगळे दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या वाड्यांमध्ये वाढलो. आम्हाला कोणी मुद्दाम बसवून शिकवलं नाही. वडील फ्यूज बांधायला स्टुलावर चढले की खाली बॅटरी धरून आम्ही उभे असायचो. नळवाला आला की त्याचा पाना धरायचो, आणि चुकीचा पाना दिला की बोलणी खायचो. आई कुरडया घालायची तेव्हा चीक हाटायला दोन हात कमी पडायचे म्हणून आम्हाला बोलावलं जायचं. ते शिकवणं नव्हतंच, घरात माणसं कमी आणि कामं जास्त होती. शेजारी उभं राहून राहून हात आपोआप तयार झाले.

मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो. मुलं झाली, नातवंडं झाली. नळ गळाला की आम्ही फोन करायचो. कधी स्वतः दुरुस्त केलाच तर मुलं शाळेत असताना, कारण ती मध्ये लुडबुडली की वेळ लागतो. स्वयंपाकघरात नातू आला की "जा, अभ्यास कर, मी करते पटकन." हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने हजार वेळा म्हटलं असेल. प्रेमानेच म्हटलं. पण शेजारी उभं राहण्याची जागाच आम्ही मुलांना ठेवली नाही. आम्हाला वाटतं, दोष शोधायचा तर तिथे आहे.

एक गोष्ट या शहरात राहून बोलावीशी वाटते. हाताला काम शिकवणं म्हणजे कमी प्रतीचं शिक्षण, ही समजूत निदान वडोदऱ्यात तरी असू नये. सयाजीराव महाराजांनी 1890 साली इथे कलाभवन सुरू केलं. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने ते उभं केलं. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला एकाच छताखाली शिकवली जायची. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज आपली मुलं ज्या तंत्रज्ञान विद्याशाखेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात, ती त्याच कलाभवनाची पुढची पायरी आहे. आमच्यापैकी दोघांचे आजोबा तिथे शिकलेले. त्यांच्या पणतवंडांना पेचकस कोणत्या बाजूला फिरवला की स्क्रू सैल होतो हे माहीत नाही. असो, इतिहास इथेच थांबवतो, नाहीतर तिसरा भाषणकर्ता आमच्यावर रागवेल.

वर्ग आम्ही नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळाच्या खालच्या खोलीत सुरू केला. पहिले दोन रविवार पूर्ण फसले. फळ्यावर गॅस सिलिंडरचं चित्र काढलं, भाग दाखवले, पुराच्या आठवणी सांगितल्या. चौदा मुलं आली होती, तिसऱ्या रविवारी पाच उरली. त्यातल्या एकीने तोंडावर सांगितलं, "आजोबा, तुम्ही फक्त सांगताय, आम्हाला काही करूच देत नाही." खरं होतं. मुलीने रेग्युलेटरला हात लावला की आमच्यातला एक जण "थांब, असं नाही" म्हणून तिच्या हातातून घ्यायचा आणि स्वतः बसवून दाखवायचा. सत्तर वर्षांच्या माणसाला चुकीचं काम चाललेलं बघवत नाही. हात आपोआप पुढे जातो.

म्हणून नियम केला. शिकवणाऱ्याने खुर्चीत बसायचं आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवायचे. हे गमतीने सांगत नाही, खरंच तसं बसतो आम्ही. बोलायचं, पण हात काढायचा नाही. धोका दिसला तरच उठायचं. हा नियम पाळणं मुलांना नळ उघडायला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं. आमच्यातले एक काका, जन्मभर कारखान्यात फोरमन होते, त्यांना तर पहिले काही दिवस घाम फुटायचा. एकदा एका मुलाने टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळली. काका मांडीखाली हात दाबून बसले. मुलाने नळ बसवला, पाणी सोडलं, धार लागली. त्याने परत काढला, टेप चुरगळून बाहेर आलेली दिसली. "उलटी गेली का?" त्याने विचारलं. काका फक्त "बघ" म्हणाले. दुसऱ्या खेपेला टेप त्याने आट्यांच्या दिशेने, म्हणजे नळ ज्या बाजूने आवळायचा त्याच बाजूने गुंडाळली आणि थेंबही आला नाही. दीड रुपयाची टेप वाया गेली असेल. आता तो मुलगा जन्मात उलटी गुंडाळणार नाही.

मुलांचे प्रश्नही आम्हाला जड गेले. "तसं का?" हा प्रश्न आम्हाला आमच्या वडिलांना विचारता आला नव्हता. आम्ही पन्नास वर्षं टेप त्याच दिशेने गुंडाळत होतो, पण का ते शब्दांत सांगायला आम्हालाही घरी जाऊन डोकं खाजवावं लागलं.

काडेपेटीला आम्ही दोन रविवार दिले. ऐकणाऱ्यांना हसू येईल. काडी अंगापासून दूर ओढायची, पेटल्यावर किंचित तिरकी धरायची म्हणजे ज्योत बोटांकडे चढत नाही. आधी काडी बर्नरजवळ न्यायची, मग बटण फिरवायचं, उलट नाही. बटण आधीच उघडं राहून वास आला असेल तर काडी लावायचीच नाही, गॅस बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, दिवा लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. हे शेवटचं अर्ध्याहून अधिक मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. सिलिंडर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या मुलांनी रेग्युलेटर लावून जोडापाशी साबणाचं पाणी फासलं आणि फुगे येतात का ते पाहिलं. केशरी नळीवरची तारीख प्रत्येकाने आपापल्या घरी जाऊन वाचली. नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नऊपैकी चार घरांत ती मुदत उलटून गेली होती. त्यांतलं एक घर आमच्याच फोरमन काकांचं. वर्गाचा त्या दिवशीचा आनंद काय वर्णावा.

नंतर पिठलं. पहिला पदार्थ पिठलं का, असं काही आयांनी विचारलं. मुलांना पास्ता शिकवलात तर ती आवडीने येतील. पण ताजी भाजी नसली, दूध नसलं, बाजार बंद असला तरी घरात डाळीचं पीठ, कांदा, तिखट, मोहरी, तेल असतंच. पंधरा मिनिटांत होतं. एक वाटी पिठाला साधारण तीन वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं म्हणजे गुठळ्या कमी होतात. गुठळ्या झाल्याच, प्रत्येकाच्या झाल्या, आणि प्रत्येकाने आपलं पिठलं स्वतः खायचं असा नियम होता. एका मुलाने मीठ दोनदा घातलं. त्याने न बोलता भात जास्त कालवून ते संपवलं. पुढच्या वेळी तो प्रत्येकाला विचारत होता, "मीठ घातलंस का? चाखून बघ आधी."

आता एक नकोशी गोष्ट सांगायची आहे, ती लपवली तर हे भाषण खोटं होईल. फेब्रुवारीत फोडणी करताना एका आठवीतल्या मुलीच्या मनगटावर तेल उडालं. रुपयाएवढा फोड आला. ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं हात धरला, हळद किंवा टूथपेस्ट काही लावलं नाही, डॉक्टरांना दाखवलं. डाग राहिला नाही. पण तिच्या आईने आम्हाला जे ऐकवलं ते योग्यच होतं. "माझी मुलगी तुमच्या भरवशावर पाठवली होती." वर्ग बंद करायचा असं आमच्यातल्या तिघांनी ठरवूनच टाकलं. आम्ही सहा जण त्या संध्याकाळी दोन तास भांडलो. शेवटी काय बदललं ते सांगतो. फोडणीच्या वेळी एका मोठ्या माणसामागे एकच मूल. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, ओढणी किंवा सैल बाही नको. पाण्याची बादली आणि ओलं फडकं शेजारी, आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीही नाही, झाकण घालून गॅस बंद करायचा, हे पहिल्या दिवशी. आणि पालकांची लेखी संमती. त्या आईने तीन आठवड्यांनी मुलीला पुन्हा पाठवलं. बरोबर स्वतःही आल्या आणि आता फोडणीच्या वर्गाला त्याच उभ्या असतात. आमच्यातल्या दोघांना मात्र अजूनही वाटतं की आठवीच्या मुलांना गरम तेल देऊच नये. त्यांचं म्हणणं आम्ही नोंदवून ठेवलं आहे, ते चुकीचं आहे असं आमच्याकडून सिद्ध झालेलं नाही.

आमच्या लहानपणचं सगळंच शिकवावं असंही आम्हाला वाटत नाही. स्टोला पिन मारणं, रॉकेलची बत्ती भरणं या गोष्टी आमच्या हाताला चटकन आठवतात, पण रॉकेलच मिळत नाही तर उगाच कौतुक कशाला? कोळशाच्या शेगडीचा आग्रह आमच्यातल्या एका आजींनी धरला होता. बंद खोलीत कोळसे पेटवले की जो वायू होतो त्याला ना रंग ना वास, आणि माणूस झोपेतच जातो. पुरात लोक दारं-खिडक्या लावून घरात बसतात. म्हणून ते आम्ही स्पष्ट नाकारलं. विजेच्या बाबतीतही हद्द आखली. मुलांनी मेन स्विच कुठे आहे ते ओळखायचं, पाणी घरात यायच्या आधी कोरड्या हातांनी कोरड्या जागेवर उभं राहून तो बंद करायचा, आणि पाणी आत शिरलं असेल तर त्याच्या जवळही जायचं नाही. गळती झाली की आपोआप पडणाऱ्या स्विचवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते अधूनमधून दाबून स्विच खाली पडतो का ते बघायचं. पडला नाही तर वायरमनला बोलवायचं. त्यापुढे आमचा वर्ग जात नाही.

पाण्याचा धडा मुलांना सगळ्यात आवडला, कारण त्यात जादू आहे. विश्वामित्रीच्या काठचं गढूळ पाणी बादलीत आणलं, तुरटीचा खडा काही वेळा फिरवला आणि तासाभराने बघितलं तर गाळ खाली बसू लागलेला. सगळ्यांना वाटलं झालं, आता पिऊ या. तिथेच थांबवलं. तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत. वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं, खळाखळा उकळी आली की आणखी निदान एक मिनिट उकळू द्यायचं, झाकून गार करायचं. आणि पुराच्या पाण्यात रसायनं किंवा तेल मिसळलं असण्याची शंका असेल तर उकळूनही उपयोग नाही, ते पाणी प्यायचंच नाही. म्हणूनच बांनी केलं तसं, पाऊस वाढताना भांडी भरून ठेवणं हेच खरं. आजव्याचं पाणी नळाला येतंय तोवर आपल्याला भांड्यांची आठवण होत नाही.

मुलगे आणि मुली यांचा वर्ग एकच आहे, हे वेगळं सांगायला लागू नये. पण नोंदणीच्या वेळी तीन घरांनी विचारलं होतं की मुलग्यांना नळाचं आणि मुलींना शिवणाचं असं करणार का. शिवण आम्ही सगळ्यांना ठेवलं आणि ते सपशेल फसलं. बटण टाकणं, तेही देठ सोडून, म्हणजे बटणाखाली दोऱ्याचा वेढा देऊन, एवढं चार मुलांना आलं. बाकी सगळ्यांनी सुई ओवतानाच माघार घेतली. कबूल आहे, आमच्यातही शिवणात मन लावणारं कोणी नव्हतं, मुलांना ते कळतं. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय ज्या शहरात आहे तिथे शिवण शिकवणारं माणूस मंडळाला मिळू नये, याचं वाईट वाटतं. कोणी असेल तर कार्यक्रमानंतर भेटा.

गणपतीत उकडीचे मोदक यंदा वर्गाने करायचे असं मुलांनीच ठरवलं आहे. एका वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, उकड गरम असतानाच मळायची. पाकळ्या नऊ आल्या काय आणि पाच आल्या काय. फाटलेले मोदकही नैवेद्यात ठेवणार आहोत. त्यावर कोणी नाक मुरडू नये एवढीच विनंती.

आता त्या इन्सुलिनकडे परत येतो. ते आजोबा, आमचे मित्र, या जानेवारीत गेले. हृदयविकाराने गेले. पुराशी त्याचा संबंध नाही, डॉक्टरांनी त्या मुलाला समोर बसवून तसं सांगितलं. पण त्याने मनात काय जोडून ठेवलंय ते आम्हाला कळत नाही. तो वर्गाला पहिल्या दिवसापासून येतो, फार बोलत नाही. मार्चमध्ये तो एक माठ घेऊन आला. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत रिकामी कुपी आणि एक तापमापक. त्याने घरी महिनाभर रोज आकडे लिहून ठेवले होते. कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली राहतं. पावसाळी दमट हवेत फरक फार थोडा पडतो, हेही त्याने मांडलं, आणि ते बरोबर आहे, कारण पाणी उडून गेलं तरच गारवा येतो. बहुतेक कुप्यांसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, कडक उन्हापासून आणि उष्णतेपासून जपली म्हणजे झालं. तो कागद त्याने मोठ्या अक्षरांत लिहून काढला आहे. बर्फाला टेकवू नका, हे लाल शाईत. घरात इन्सुलिन असलेल्या सोळा कुटुंबांत तो स्वतः जाऊन तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवून आला, आणि प्रत्येकाला सांगून आला की आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आम्ही त्याला हे काम दिलेलं नव्हतं.

वर्गात सध्या सतरा मुलं आहेत. तीन गुजराती आहेत, एक मल्याळी. बोलणं मराठीतून सुरू होतं आणि कुठल्याही भाषेत संपतं. बा महिन्यातून एकदा येतात, थेपल्यांचं पीठ मळून घेतात आणि आमच्यासारखे हात मांडीखाली ठेवत नाहीत, मुलांच्या हातावर सरळ चापटी मारतात. त्यांना आमचा नियम लागू नाही, असं मुलांनी ठरवलं आहे.

शेवटची सूचना. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नळाचा वॉशर बदलायचा धडा आहे. मुलांनी पाना आणि पक्कड आणायची, आणि बेसिनच्या भोकावर घालायला एक जुनं फडकं, कारण स्क्रू नेहमी तिथेच पडतो. हल्लीच्या बऱ्याच नळांत वॉशर नसतो, आत अख्खं कार्ट्रिज असतं, तेव्हा नळाचा फोटो आधी पाठवा म्हणजे आम्हाला तयारी करता येईल. सरावाला गळके नळ कमी पडतात. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी नळ गळतोय त्यांनी कृपा करून तो रविवारपर्यंत दुरुस्त करून घेऊ नका. खाली बादली लावा. मुलं येतील.